जुनी दुखापत, सुजणारा घोटा आणि पंढरीची वाट

घोटा मुरगळून किंवा हाड जुळून महिने लोटले तरी सूज मागे राहते. तसा पाय घेऊन माउलींसोबत चालताना मी संध्याकाळच्या सुजेला घाबरत नाही, सकाळची सूज पाहतो.

तळावर पोचेपर्यंत घोटा भरणारच. दर पावलाला पोटरी आवळते आणि खाली उतरलेलं रक्त वर ढकलते. लंगडत चाललं की पोटरी नीट आवळत नाही, पाणी तिथंच साचतं. म्हणून पाऊल आखूड टाकावं, पण टाच आणि चवडा दोन्ही टेकवावेत. दिंडी खोळंबली की नुसतं उभं राहणं चालण्याहून वाईट. चवड्यांवर वर-खाली होत राहावं.

मुक्कामी उताणं पडून पोटरीखाली वळकटी घ्यायची, पाऊल छातीपेक्षा उंच, अर्धा तास. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं. ताज्या सुजेवर गरम पाणी नको, तेल लावून रगडणं तर नकोच. वारीत प्रेमानं पाय चेपून देणारे खूप भेटतात, त्यांना दुसरा पाय द्यावा.

क्रेप बँडेज पहाटे, पाय जमिनीला टेकण्याआधी बांधायचं. बहुतेक जण फक्त घोटा करकचून आवळतात, मग खालचं पाऊल फुगतं. सुरुवात बोटांच्या मुळाशी करावी, टाच झाकावी, घोट्याभोवती इंग्रजी आठसारखे वेढे घेत पोटरीकडे ताण सैल करत जावा. नख दाबून सोडल्यावर 2 सेकंदांत गुलाबी झालं नाही किंवा मुंग्या आल्या, तर सोडून पुन्हा बांधा. रात्री काढून ठेवा. पावसात भिजलेलं बँडेज कातडी सोलतं, जोडी जवळ हवी.

बांधण्याआधी घोट्याच्या हाडांच्या लगेच वर टेपनं माप घ्यायचं, रोज त्याच जागी. कालच्या सकाळपेक्षा माप वाढलं, तर तो दिवस गाडीचा. पुणे ते सासवड हा लांबलचक टप्पा, त्यात दिवे घाटाचा चढ. चढावर घोटा वर वाकावा लागतो, आखडलेला सांधा समोरून ठणकतो. तिथं वेदनाशामक गोळी खाऊन रेटू नये. दुखणं दबतं, इजा वाढते. उपाशीपोटी, घामानं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडालाही बाधते.

एकाच पोटरीत अचानक सूज, ऊब, लाली आणि दुखणं दिसलं, तर ती नसेतली गुठळी असू शकते. चोळू नका, चालू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर तडक 108 ला फोन.