सतरा नंबरची मॅट

जानेवारीतला गुरुवार होता. सकाळी साडेनऊला मी सामानाची खोली उघडली आणि पाठोपाठ बाई आल्या. हातात आमची हवेची मॅट, नीट गुंडाळून पिशवीत घातलेली. बाई म्हणजे डिसेंबरात हिमालयातल्या केदारकंठा ट्रेकला गेलेल्या आमच्या बॅचमधल्या. वय ६१, आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी बॅच त्यांना बाईच म्हणायची, मीही म्हणते.

"ही घे गं तुझी मॅट," त्या म्हणाल्या. "जुडा का तालाबच्या मुक्कामात रात्री दोनला माझी कंबर जमिनीला टेकली. उठून हवा भरली. तासाभरात पुन्हा टेकली. तिसऱ्यांदा फुंकायचं त्राण राहिलं नाही, मग सॅक टाकली खाली आणि तिच्यावर बसून उजाडायची वाट पाहिली."

आवाजात राग नव्हता. घडलं ते सांगत होत्या एवढंच. मला ते जास्त लागलं. बाहेर बर्फ, तंबूत ६१ वर्षांची बाई सॅकवर बसून रात्र काढतेय, आणि ती मॅट तपासून "ठीक आहे" असा शेरा मारणारी मी.

पुण्यातल्या एका ट्रेकिंग ग्रुपचं सामान मी नऊ वर्षं सांभाळते आहे. तंबू, स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह आणि हवेच्या २२ मॅट. ट्रेकवरून आलेलं सगळं माझ्या हाताखालून जातं, मगच फळीवर चढतं. शनिवारी रात्री पुढची बॅच सांकरीला, म्हणजे केदारकंठ्याच्या पायथ्याच्या गावाला, निघायची होती आणि त्या सगळ्या मॅट तिच्याबरोबर जायच्या होत्या. आणि सतरा नंबरबद्दलची ही दुसरी तक्रार होती.

पहिली नोव्हेंबरातली. हरिश्चंद्रगडावरून आलेला कॉलेजातला एक मुलगा म्हणाला होता, "ताई, मॅट पहाटे पार बसली." मी ती याच खोलीत फुगवून रात्रभर ठेवली. सकाळी टणक होती. त्याला म्हटलं, "अरे, थंडीनं हवा आकसते. भोकबिक काही नाही." त्यानं मान डोलावली आणि गेला.

हे मी खोटं सांगितलं नव्हतं. तोंडानं फुंकलेली हवा ३४ अंशांच्या आसपास असते. तंबूतला पारा शून्यावर उतरला की तीच हवा कमी जागा व्यापते आणि मॅट मऊ लागते. हिमालयातून परत आलेल्या कितीतरी लोकांना मी हे समजावलं आहे आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरलं आहे. उत्तर जिभेवर तयारच असायचं.

बाईंनाही तेच सांगायला लागले. त्यांनी माझ्या रजिस्टरची मागची कोरी बाजू ओढली आणि पेन मागितलं.

"किती आकसते, ते काढलंस का कधी?"

नव्हतं काढलं. त्यांनी दोन ओळींत मांडलं. ३४ अंश म्हणजे ३०७ केल्व्हिन, शून्य म्हणजे २७३. फरक ३४चा. "म्हणजे शंभरातले अकरा भाग जातील," त्या म्हणाल्या. "पूर्ण भरलेली मॅट अकरा टक्क्यांनी सैल पडेल. कंबर नाही टेकणार. आणि हे सगळं पहिल्या तास-दोन तासांतच होऊन जातं. गार झालेल्या मॅटमध्ये मी पुन्हा फुंकलं, ती हवा किती ती? मग तासाभरात सगळी कशी गेली?"

मी त्या आकड्यांकडे बघत राहिले. हरिश्चंद्रगडावर नोव्हेंबरात शून्य अंश नव्हतेच. त्या मुलाची मॅट एवढीही सैल पडायला नको होती.

जे लोक डोंगरात राहिलेले नाहीत त्यांना वाटतं, मॅट म्हणजे मऊ अंथरूण. तसं नाही. स्लीपिंग बॅग फुलून राहते म्हणून ऊब धरते. अंगाखालचा तिचा भाग आपल्याच वजनानं चेपतो आणि जवळजवळ निकामी होतो. पाठ आणि बर्फ यांच्या मध्ये खरं काम करते ती मॅट, तिच्यात कोंडलेली हवा. ती गेली की जमीन अंगातली ऊब ओढत राहते, वर कितीही पांघरा. म्हणून मॅटचं भोक ही माझ्या लेखी गैरसोय नाही, धोका आहे.

बाई घरी जायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "मला बघायचंय कुठून जाते ते." मी चहा मागवला आणि आम्ही कामाला लागलो.

खोलीमागच्या गच्चीत एक निळं प्लॅस्टिकचं पिंप उभं चिरून आडवं ठेवलंय. पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब फिरवतो तशी मी त्यात मॅट फिरवते, हातभर हातभर दाबत. आधी व्हॉल्व्ह बुडवला. बरेचदा दोष तिथंच असतो, झडपेखाली वाळूचा एखादा कण अडकतो आणि तोंड पुरतं मिटत नाही. स्वच्छ होता. मग कडांचे जोड. मग मधल्या खळग्या, जिथं वरचं आणि खालचं कापड आतून एकमेकांना चिकटवलेलं असतं. (तिथला जोड सुटला तर हवा बाहेर जात नाही, मॅटला टेंगूळ येतं, आणि त्याला इलाज नाही. मॅट हवा भरून उन्हात टाकली की हेच होतं, म्हणून मी प्रत्येक बॅचला हात जोडून सांगते.) पाण्यात एकही बुडबुडा आला नाही. भांड्याच्या साबणाचं पाणी स्पंजनं दोन्ही अंगांना फासलं. फेस जिथल्या तिथं बसून राहिला.

बारा वाजत आले. मी हात पुसले आणि म्हटलं, "बाई, नोव्हेंबरातही हेच झालं होतं. हिला भोक नाही."

बाई मॅटकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मी हिच्यावर झोपले होते. तू हिला रिकामीच फुगवून ठेवलीस. हिच्यावर कुणी झोपलं होतं का?"

नव्हतं. नऊ वर्षांत मी एकाही मॅटवर माणूस झोपवून ती तपासली नव्हती. सगळ्या मॅट मी अशा तपासल्या होत्या जशा त्या कधीच वापरल्या जात नाहीत.

मॅट कोरडी केली. पूर्ण भरली, मग डोक्याकडून घट्ट गुंडाळत निम्म्यापर्यंत आणली आणि बाई त्या गुंडाळीवर बसल्या. उरलेली निम्मी मॅट ढोलकीसारखी ताणली गेली. पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्या संपेपर्यंत थांबलो. कानानं काही लागेना. मग मी वरचा ओठ जिभेनं ओला केला आणि कापडाच्या अगदी जवळ, बोटभर अंतरावर धरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवत नेला. बोटांना कळत नाही इतकी बारीक हवा ओल्या ओठाला गार लागते. मला हे एका जुन्या गाईडनं दाखवलं होतं. पण मोठ्या भोकाचा शोध आपोआप लागतो, म्हणून मी ते करायचं सोडून दिलं होतं.

पायाकडच्या भागात काही नाही. गुंडाळी उलटी केली, बाई आता पायाच्या बाजूला बसल्या. खालचं अंग वर घेतलं. कंबर येते तिथं, डाव्या कडेपासून वीतभर आत, ओठाला टाचणीएवढा गारवा लागला. पुढे गेले, गेला. मागे आले, पुन्हा लागला.

"सापडलं?" बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

बॉलपेननं गोल केला आणि आम्ही दोघी त्यावर वाकलो. कापड करड्या रंगाचं, आणि भोक म्हणावं असं काहीच दिसेना. बाईंनी पर्समधून भिंग काढलं, औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायला ठेवतात ते. त्यातून दिसलं. कापडाच्या विणीत पिवळट तपकिरी टोक रुतलेलं, केसाहून थोडं जाड, बाहेर आलेला भाग तांदळाच्या कणीच्याही निम्मा.

कुसळ होतं ते.

पावसाळ्यानंतर सह्याद्रीच्या पठारांवर जे गवत वाळतं, त्यातून चालताना पायमोज्यात घुसतं आणि मग बोटभर आत जात राहतं, ते कुसळ. त्याचं टोक सुईसारखं कडक असतं आणि मागची शेपटी दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पीळ घेते. त्या पिळानंच ते जमिनीत शिरतं. आमच्या मॅटच्या पातळ नायलॉनमध्येही ते तसंच शिरलं होतं आणि शेपटी मोडून टोक आत राहिलं होतं. भोक पाडणाऱ्यानंच भोक बुजवलं होतं. रिकामी मॅट खोलीत पडून असे तेव्हा बूच बसलेलं. वर माणूस झोपला की आतला दाब वाढायचा, कापड ताणायचं, आणि कुसळाच्या कडेनं हवा निसटायची. पाण्यात बुडवल्यावर ते का सापडलं नाही, याबद्दल माझा अंदाज असा की गवत भिजून फुगलं आणि बूच आणखी घट्ट झालं.

चिमट्यानं टोक धरलं, हळूच ओढलं. निघाल्याबरोबर फुस्स असा स्पष्ट आवाज आला. ते टोक बाईंनी रजिस्टरच्या पानावर ठेवलं आणि वरून चिकटपट्टी लावली. अजून तिथंच आहे.

दुरुस्ती सांगण्यासारखी आहे, कारण लोक इथंच मॅट घालवतात. दोन चुका मी वारंवार पाहते. एक, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन. ते रबराशी एकजीव होतं, या मॅटच्या आतल्या पॉलियुरेथेनशी होत नाही. दुसरी, थेंबभर टाकला की बोटं चिकटतात तो झटपट गोंद. तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि मॅटची पहिली घडी पडली की तडकतो. वर त्याचा थर बसला की मागून लावलेलं काहीच नीट धरत नाही. आमच्या दोन चांगल्या मॅट अशा गेल्या. हवा तो युरेथेनचा, वाळल्यावरही लवचिक राहणारा गोंद. मी सगळी हवा काढली, मॅट सपाट पसरली, औषधाच्या दुकानातून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं खुणेभोवतीची जागा पुसली, कारण अंगाचं तेल आणि उन्हाचं क्रीम राहिलं तर गोंद धरत नाही. मग रुपयाच्या नाण्याएवढा पातळ थर, काडीनं पसरलेला. आणि मग वाट बघायची. पॅकिंगची घाई असते म्हणून माणसं तासाभरात हवा भरतात आणि गोंदाखालूनच हवा फुगा काढते. रात्रभर हात लावायचा नाही.

दुपारी बाई म्हणाल्या, "उरलेल्या एकवीस?"

उरलेल्या एकवीस मॅट आम्ही गुंडाळून, वर बसून, ओठ फिरवून तपासल्या. रात्रीचे साडेआठ झाले. माझ्या ओठाची सालं निघाली, बाईंची पाठ धरली. मी त्यांना दोनदा घरी जायला सांगितलं, त्या म्हणाल्या, "शनिवारी जाणाऱ्यांत माझ्या वयाचं कुणी असेल." नऊ नंबरच्या मॅटचा व्हॉल्व्ह वजन पडलं की बारीक हवा सोडत होता. तीन नंबरवर एक गोल, वितळल्या कडांचं छिद्र निघालं, शेकोटीची ठिणगी असणार. या दोन्ही मी महिनाभरापूर्वी "ठीक आहे" म्हणून फळीवर ठेवल्या होत्या.

शुक्रवारी मी आमच्या काकांशी बोलले. ग्रुप त्यांनी सुरू केला, पैशाचं तेच बघतात. मी म्हटलं, यापुढे बर्फातल्या ट्रेकला प्रत्येक हवेच्या मॅटखाली फोमची एक चटई जाईल. फोमला भोक पडलं तरी काही बिघडत नाही, दोन थरांची ऊब बेरजेत मिळते, आणि मॅट बसलीच तर माणूस बर्फावर येत नाही. काका म्हणाले वजन वाढेल, खेचराचा खर्च वाढेल. मी बाईंची रात्र सांगितली. त्यांनी चटयांचा आकडा विचारला.

त्या रात्री मी घरी गेले नाही. सतरा नंबर फुगवली, खोलीत फरशीवर टाकली आणि तिच्यावर झोपले. दोनला जाग आली तेव्हा कमरेखाली हात घालून बघितला. चार बोटं अंतर होतं. पाचला पुन्हा बघितलं, तेवढंच. रजिस्टरमध्ये लिहिलं: १७, कुसळ, खालचं अंग, कमरेजवळ, माणूस झोपवून तपासली.

दहा वाजता त्या कॉलेजातल्या मुलाला फोन केला. सांगितलं की मॅटला भोक होतं, मी तुला चुकीचं सांगितलं, आणि तुझं भाडं परत करते आहे. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. आम्ही चांदण्या बघायला मॅट तंबूबाहेर टाकली होती. पिवळं गवत होतं सगळीकडे, मऊ वाटलं म्हणून."