बॅटरीचं पाणी

बियाणं अजून टाकलंच नव्हतं. नुसत्या पाण्यात इलेक्ट्रोड बुडवला आणि आकडा हजाराच्या वर गेला. माझ्यासोबतच्या संशोधक मुलीनं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. आकडा तिथंच.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. लातूरजवळ औशाच्या पुढं एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात आम्ही सकाळी साडेआठला पोचलो होतो आणि पत्रा तेव्हाच तापायला लागला होता. समोर कंपनीचे अध्यक्ष अण्णा, दोन संचालक, थप्पीला टेकून उभे असलेले हमाल आणि मांडीवर गोणपाटाची घडी घेऊन बसलेल्या आक्का. त्यांच्यासमोर, बियाणं उगवेल का ते सांगणारं आमचं यंत्र पहिल्याच मिनिटाला अडलं.

मी छत्रपती संभाजीनगरात एका विद्यापीठाच्या इन्क्युबेशन केंद्रात काम करतो. प्रयोगशाळेतलं संशोधन बाजारापर्यंत न्यायचं, संशोधकांच्या कंपन्या उभ्या करायच्या, हे माझं काम. त्यातला निम्मा वेळ कागदांत जातो: विद्यापीठाशी परवाना करार, पेटंटचे अर्ज, अनुदानाचे प्रस्ताव. उरलेला वेळ संशोधकाला प्रयोगशाळेबाहेर काढण्यात.

ही मुलगी इलेक्ट्रॉनिक्समध्ये पीएचडी करून आमच्याकडं आली. घर सोयाबीनवाल्यांचंच. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला होता, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली होती. त्या वर्षी तिच्या वडिलांनी दुबार पेरणी केली. दुबार पेरणी म्हणजे काय, हे ज्याच्या घरात झालीय त्यालाच कळतं. बियाणं पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि पावसाचे गेलेले दिवस परत येत नाहीत.

सोयाबीनचं बी नाजूक. टरफल पातळ आणि अंकुर अगदी त्याच्या खाली. मळणीयंत्र जोरात फिरलं, पोतं उंचावरून आपटलं, थप्पी जास्त उंच रचली, की दाणा वरून धड दिसतो पण आतून गेलेला असतो. असा दाणा पाण्यात भिजवला की पेशींच्या कमकुवत पडद्यांतून क्षार आणि साखर पाण्यात झिरपतात. क्षार उतरले की त्या पाण्यातून वीज जास्त वाहते. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळांना ही चाचणी जुनीच आहे: ५० दाणे वजन करून २५० मिलिलिटर पाण्यात २० अंशांवर २४ तास ठेवायचे आणि पाण्याची वाहकता मोजायची. तिनं दोन गोष्टी केल्या. २४ तासांचं काम ४ तासांवर आणलं, आणि महागडं उपकरण जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत बसवलं.

ती पहिल्यांदा माझ्याकडं आली तेव्हा हातात जर्नलमध्ये छापून आलेला शोधनिबंध होता. चेहऱ्यावर आनंद होता आणि मला तिला सांगावं लागलं की छापलेल्या भागाचं पेटंट आता मिळणार नाही. आपल्या कायद्यात अर्जाआधी शोध जाहीर झाला की नावीन्य संपतं. कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती ठरावीक प्रदर्शनं आणि विद्वत्सभांपुरती. असा जर्नलमधला लेख त्यात बसत नाही. प्रबंधही शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या सार्वजनिक संकेतस्थळावर, चढलेला. दोष तिचा नाही. पीएचडीच्या पाच वर्षांत तिला 'छाप' म्हणणारे सगळे भेटले, 'छापण्याआधी अर्ज कर' म्हणणारं कुणी भेटलं नाही. आजही माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक मुलांची हीच गोष्ट असते आणि दर वेळी माझा जीव तुटतो. नंतर केलेली तापमानाची दुरुस्ती मात्र तिनं कुठं छापली नव्हती. तेवढ्याचा तात्पुरता अर्ज आम्ही मुंबईच्या पेटंट कार्यालयात भरला. पूर्ण अर्जाला तिथून १२ महिने मिळतात. ते महिने सरत होते.

अनुदानाच्या प्रस्तावात तंत्रज्ञानाच्या तयारीची एक पट्टी भरावी लागते, १ ते ९. प्रयोगशाळेत सिद्ध झालं की ४, प्रत्यक्षासारख्या परिस्थितीत चालवून दाखवलं की ६. आम्ही ६ लिहिलं होतं. आणि 'ग्राहक' या रकान्यात 'शेतकरी'.

पाण्याचं सांगतो. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन सोबत आणू नये, हा आग्रह माझा होता. गोदामात जे मिळेल तेच वापरायचं, नाहीतर ती पुन्हा प्रयोगशाळाच झाली. लातूरकडं २०१६ च्या टंचाईत मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आता आरओचे जार गावोगाव मिळतात, ते पाणी चालून जाईल असा आमचा अंदाज होता. पहिला ग्लास पोरानं बोअरच्या नळाचा भरून आणला होता. जारचं पाणी मागवलं. आकडा खाली आला, पण दीडशेच्या आसपास थांबला. दुसरा जार फोडला तर त्याचा आकडा वेगळा. चव यावी म्हणून आरओवाले त्यात थोडं कच्चं पाणी मिसळतात, कुणी जास्त कुणी कमी.

"आधी पाण्याचा आकडा घेऊ आणि नंतर वजा करू," ती म्हणाली. मलाही ते पटलं. मग तिनंच वहीत हिशेब मांडला आणि पेन खाली ठेवलं. पाणी एका अंशानं तापलं की वाहकता साधारण २ टक्क्यांनी वाढते. हजाराचं पाणी दोन अंशांनी तापलं तर ४० चा फरक, आणि चार तासांत चांगल्या-वाईट बियाण्यात आम्ही जो फरक शोधत होतो तोही तेवढाच. जारच्या पाण्यात हा घोळ कमी, पण प्रत्येक जार वेगळा. तापमानाची दुरुस्ती यंत्रात होती, पण ती बसवली होती डिस्टिल्ड पाण्यावर. गोदामात तेव्हा ३६ अंश होते आणि दुपार व्हायची होती.

कुणी हसलं नाही. ते मला जास्त लागलं. अण्णा नुसतं म्हणाले, "चहा घ्या, मग बघू."

थप्पीजवळच्या हमालांतले एक वयस्क मामा बराच वेळ बघत होते. ते पुढं आले. "ताई, काय मोजायलाव तुम्ही? पाण्यातला क्षार?"

"हो मामा."

"मग बॅटरीत टाकायचं पाणी चालंल का? त्यात क्षार नसतोय म्हणतेत. माझ्या पोराचं इन्व्हर्टरचं दुकान हाय चौकात."

तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. पंधरा मिनिटांत मोटारसायकलवरून पाच लिटरचा निळा कॅन आला. तिनं ग्लास विसळला, पाणी ओतलं, इलेक्ट्रोड बुडवला. आकडा एका अंकावर येऊन थांबला.

डिस्टिल्ड पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न आम्ही दोन वर्षं प्रयोगशाळेच्या कपाटाकडं बघून सोडवत होतो. मराठवाड्यात लोडशेडिंगनं इन्व्हर्टर घराघरात पोचवले, आणि त्यांच्या मागोमाग हे पाणीही प्रत्येक चौकातल्या दुकानात पोचलं होतं.

पाच लॉटचे नमुने घेतले. दाणे मोजले, तोलले, भिजत घातले. त्याच पाच लॉटचे शंभर-शंभर दाणे आक्कांनी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी केली आणि सावलीत ठेवली. दर वर्षी घरच्या बियाण्याची उगवण त्या अशीच बघतात. कृषी खातंही हेच सांगतं. त्यांची बोटं इतकी सरावलेली होती की मला एकेक दाणा मोजताना लाज वाटली.

मग चार तास वाट बघणं. जेवायला भाकरी, वरण, ठेचा. जेवताना अण्णांनी विचारलं, "सर, हे कुणाला विकायचं म्हणता?"

"शेतकऱ्याला."

"शेतकऱ्याला कशाला?" त्यांनी आक्कांकडं बोट केलं. "त्याच्याकडं ते पोतं हाय की. फुकट. घरचं बी दिवाळीपासून घरात पडून असतंय. आठ दिवस लागले तर काय बिघडलं त्याचं?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं, दुकानातून ऐन वेळी विकत घेतलेल्या पिशवीचं. ते मी दिलंही. अण्णा म्हणाले, "पिशवी फोडून ५० दाणे काढले तर दुकानदार परत घेईल का?"

नाही घेणार.

मग त्यांनी त्यांचं गणित सांगितलं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सभासदांकडून बियाण्याचं सोयाबीन येतं. चाळण्या, ग्रेडर, गोल दाणे वेगळे करणारा स्पायरल, मग पिशवी आणि लेबल. नमुना प्रयोगशाळेत जातो. उगवण ७० टक्क्यांच्या खाली आली की लॉट नापास. "मग ती भरलेली पिशवी फाडायची आणि मोंढ्यात दाणा म्हणून विकायचं. ग्रेडिंगचा पैसा गेला, पिशवीचा गेला, हमाली गेली. सभासदाला वाटतंय आम्हीच काहीतरी खाल्लं." ते थोडं थांबले. "गाडी वजनकाट्यावर उभी हाय तवाच कळलं की हे बी होणार नाही, तर मी ते आतच घेणार नाही. सरळ मोंढा दाखवीन. हे मशीन मला पाहिजे. आक्काला नको."

मी वही काढली आणि लिहीत राहिलो. काट्यावर निर्णय व्हायचा तर चार तास लागणारं यंत्र पुरेल का, हेही विचारलं. अण्णा म्हणाले, गाड्या सकाळी येतात, संध्याकाळपर्यंत थांबवता येतात. आणि त्यांनी अजून एक विचारलं, जे आमच्या कुठल्याच प्रस्तावात कुणी विचारलं नव्हतं: "मशीन लबाड बोललं, चांगलं बी मी परत लावलं, तर सभासदाला काय तोंड दाखवू?"

तिनं त्यांना सरळ सांगितलं की प्रयोगशाळेच्या तपासणीची जागा हे यंत्र घेऊ शकत नाही, घेऊही नये. संशय आला तर नमुना गोणपाटावर जायलाच हवा. विक्रीचा विचार मनात ठेवून इतकं स्वच्छ बोलणं सोपं नसतं. मला तिचा अभिमान वाटला.

दुपारी मामांनी आपलं एक पोतं आणलं. "मी आपटलेलं यात दिसंल का?" तिनं नमुना लावला. त्या एका पोत्यात नीट फरक दिसला नाही, आणि तेही तिनं तसंच सांगितलं.

संध्याकाळी पाच लॉटचे आकडे अण्णांच्या वहीत लिहून दिले. तीन चांगले, दोन खराब. परतीच्या वाटेवर अंबाजोगाईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "सर, ६ काढून ४ लिहूया." प्रस्ताव आधीच गेला होता, पण आम्ही दुरुस्तीचं पत्र पाठवलं. ग्राहकाचा रकानाही बदलला. त्या पत्रामुळं मदत लांबली. तरी ते पाठवलं याचं मला समाधान आहे.

आठव्या दिवशी आक्कांचा फोन आला. तिनं तो माझ्यासमोर स्पीकरवर टाकला. आक्का एकेक गुंडाळी उलगडत होत्या आणि ओळीओळीनं वाचत होत्या. "आठ. नऊ. आठ. सात..." ती वहीत उतरवत होती. चार लॉट जुळले. तिसरा जुळेना. यंत्रानं त्याला चांगला म्हटलं होतं, आक्कांना १०० पैकी ५८ कोंब मिळाले.

"आक्का, दाण्यावर बुरशी दिसती का?"

थोडा वेळ फोनवर नुसता गोदामातल्या पंख्याचा आवाज. "हाव. पांढरी. कडंच्या दाण्यावर जास्त."

"ती गुंडाळी टाकू नका. झाकून ठेवा."

बुरशी लागलेला दाणा फार झिरपत नसेल तर आमच्या यंत्राला तो दिसणारच नाही. हे तिच्या प्रबंधात नव्हतं, कारण प्रयोगशाळेत तिनं बियाणं धुऊन, निर्जंतुक करून घेतलं होतं. तिनं वही मिटली, माझ्याकडून गाडीभाड्याच्या कागदावर सही घेतली आणि रात्रीच्या बसनं औशाला गेली.