साच्याशिवाय आकार

आज सहा फॉइल फाडल्या. सातवी टिकली.

काम सांगायला सोपं. ५० मायक्रॉन जाडीची, म्हणजे साधारण केसाइतकी, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल कडांनी घट्ट आवळायची आणि गोल टोकाच्या बारीक टूलनं वरून फेऱ्या मारत, पायरी-पायरीनं दाबत इवलासा शंकू उतरवायचा. खाली डाय, म्हणजे साचा, नाही. आकार सगळा सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, प्रोग्रॅममध्ये. उद्या वेगळा भाग हवा असेल तर फक्त टूलचा मार्ग बदलायचा.

गंमत इथंच संपते. कडा आपणच आवळलेल्या, त्यामुळे बाजूनं धातू आत येत नाही. ताण जिथल्या तिथं. भिंत आडव्यापासून ६० अंश उभी केली की जाडी जवळपास निम्मी, ५० ची २५. आणि मी सकाळपासून ७० अंश मागत होते! म्हणजे उरतात १७ मायक्रॉन. हाव, दुसरं काय.

शिवाय जाड पत्र्याच्या जाडीत एका रेषेत कितीतरी धातुकण, म्हणजे धातूचे बारीक स्फटिक, असतात. फॉइलच्या जाडीत कधीकधी मोजून दोन-चार. त्यातला एखादा आडमुठा निघाला की तिथंच चीर. सेटिंग तेच, तरी दोन फॉइल सारख्या वागत नाहीत, त्याचं एक कारण हेच.

शेवटी कोन ५० वर आणला, पायरी अर्धी केली, तेल थोडं वाढवलं. निघाला! क्लॅम्प सोडताच किंचित उसळला, स्प्रिंगबॅक चुकत नाही. मोजमाप उद्या. सध्या डबीत झाकून ठेवलाय, शिंकेनंसुद्धा उडेल.