अंजनेरीचा कडा: धुकं अखेर उतरलं

मंडळी, नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराचा जो छोटा देखावा मी फोटोसाठी टेबलावर उभारतोय, त्यावर धुकं उतरलं! कड्याच्या माथ्यावरून सांडून पहिल्या टप्प्यावर पसरलं आणि मधल्या घळीतून ओघळत खाली आलं. श्रावणात त्र्यंबक रस्त्याने जाताना अंजनेरी दिसतो, तसंच. फ्रेम अजून कच्ची आहे, उजव्या कोपऱ्यात पाइपाचं तोंड दिसतंय. पण ज्या एका गोष्टीसाठी हा देखावा मांडला ती जमते आहे, हे डोळ्यांनी पाहिलं आणि लगेच लिहायला बसलो.

आधी मागचं राहिलेलं भराभर सांगतो. भातखाचरं झाली. वाळवलेला चहाचा चोथा फेविकॉलवर पसरायचा, वर वार्निशचे दोन हात द्यायचे, की आवणीच्या दिवसांतला चिखल तयार. रोपं काथ्याची, हिरव्या रंगात बुडवून कातरलेली. इरलं घेतलेली माणसं एम-सीलची, उंचीला दोन सेंटिमीटरला किंचित कमी, म्हणजे १:८७. कडा मात्र १:५०० आहे, त्यामुळे शंभर मीटरचा कातळ वीस सेंटिमीटरमध्ये बसतो. दोन मापांमधली सांध बांधावरच्या झाडांनी झाकली आहे.

ही झाडं द्राक्षांची आहेत. म्हणजे खाऊन झालेल्या घडांचे देठ. यापेक्षा चांगलं झाड मला तरी बाजारात विकत मिळालेलं नाही. फांदीला फांदी फुटते, टोकाकडे बारीक होत जाते, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला मण्याची गाठ असते, तिच्यावर पालवी आयती चिकटते. सुरुवातीची झाडं फार लांबुडकी, निलगिरीसारखी दिसत होती. दिंडोरीच्या मामांना फोटो दाखवला तर ते लगेच म्हणाले, "अरे, जीए मारलेला घड आहे हा, त्याचा देठ ताणतोच. तू वरच्या पाकळ्या कापून घे, त्या पसरट असतात." पाकळ्या म्हणजे घडाच्या बाजूच्या फांद्या, आणि जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. त्याने घड मोकळा होतो, म्हणून बागायतदार ते वापरतात आणि त्यात देठाची लांबी वाढते. वरच्या दोन-तीन पाकळ्या घेतल्या आणि आंब्याची झाडं मिळाली! एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी यात देठ बुडवून ठेवले की वाळल्यावर कडाकडा मोडत नाहीत. पालवी म्हणजे मिक्सरमधून काढलेली जुनी हिरवी घासणी. (मिक्सरचं जुनं भांडं यासाठी वेगळं ठेवा.)

कड्याचंही एक सांगतो, कारण त्यावर मी फार खूश आहे. आपल्याकडचा बेसाल्ट थराथरांचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक आले. त्यातला घट्ट थर उभा कडा होऊन राहतो आणि मधला ठिसूळ थर झिजून तिथे आडवा टप्पा पडतो. पावसाळ्यात त्या टप्प्यांवर गवत येतं, म्हणून काळ्या कातळावर हिरव्या आडव्या पट्ट्या दिसतात. खोक्यांचे पुठ्ठे आडवे रचून, पुठ्ठ्यांच्या कडा हाताने फाडून वर पुट्टी भरली की हे थर आपोआप येतात. थर्मोकोल कोरून ते येत नाही, त्याचा दगड कुठल्याही देशातला वाटतो. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात आणि त्या कपारींखाली विष्ठेचे पांढरे ओघळ असतात. पातळ चुन्यात बुडवलेल्या काडीने मी तसे चार ओघळ सोडले. त्या चार रेघांनी कडा एकदम उंच झाला! डोळ्याला माप मिळालं.

आता धुकं.

धुपाचा धूर हा आपला सगळ्यांचा पहिला उपाय असतो. त्यात दोन अडचणी आहेत. धूर गरम असतो, तो वर चढतो, आणि अंजनेरीवर ढग खाली सांडतात. बर्फ भरलेल्या बाटलीतून नेला तर तो थंड होऊन खाली उतरतो, पण दुसरी अडचण तशीच राहते: काळ्या कातळापुढे धूर निळसर दिसतो. धुराचे कण फार बारीक असल्याने निळा प्रकाश जास्त विखुरतात. धुक्याचे थेंब त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे, ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून पांढरे दिसतात. संगणकावर निळं काढायला गेलं की हिरव्याचा तजेलाही जातो. पिंजलेला कापूस आणि जुन्या ओढणीचं नेट हेही करून पाहिलं. एकाच फोटोत चालतात, पण फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या अंतरावर फोकस करून काढलेले फोटो जोडून एक करणं) केलं की सॉफ्टवेअर कापसाचा तंतू न् तंतू आणि नेटचं विणकाम निवडून पुढे आणतं.

म्हणून मिस्ट मेकर घेतला, पाण्यात ठेवायची ती कंप पावणारी चकती. माझं मत विचाराल तर कारंज्यासाठी म्हणून विकतात ती २४ व्होल्टची घ्या. यूएसबीवर चालणाऱ्या चिमुकल्या चकत्यांचं धुकं कड्यापर्यंत पोचत नाही. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात चकती, एका भोकात संगणकाचा जुना पंखा, दुसऱ्या भोकातून नळाचा पाइप कड्याच्या मागे. धुकं थंड, जड, पांढरंशुभ्र. सोडलं की खरोखर ढगासारखं टप्प्याटप्प्याने उतरतं.

आणि तिथून खरी डोकेदुखी सुरू झाली. हे धुकं म्हणजे पाणीच. टप्प्यांवर गवत म्हणून लावलेल्या भुशाचा हिरवा रंग ओघळून कातळावर आला. पीव्हीए जातीचा पांढरा गोंद वाळल्यावर पारदर्शक होतो, पण ओल लागली की पुन्हा दुधाळ आणि मऊ पडतो. खालच्या टप्प्याचं गवत चिमटीत धरलं तर सालीसारखं निघून आलं. त्यावर कडी म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्या कड्यावर पांढरी पूड बसलेली. बोअरच्या पाण्यातले क्षार चकतीने थेंबांबरोबर हवेत उडवले, पाणी उडून गेलं आणि क्षार कातळावर राहिले. ओल्या फडक्याने पुसलं तरी ते बारीक खाचांमधून निघत नाहीत, पुन्हा काळा रंग द्यावा लागला. हा त्रास टाळायचा असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा, पेट्रोल पंपावरही मिळतं. एसीचं ठिबकलेलं पाणीही चालतं, फक्त गाळून घ्या. आणि उन्हाळ्यात हा खटाटोप करू नका. आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत थेंब कड्याच्या अर्ध्यात यायच्या आतच विरून जातात. आता पावसाची झड लागली आहे, खिडकी उघडी ठेवली की तेच धुकं खाचरांपर्यंत टिकतं.

बरं, ओल सोसली तरी फोटो खोटाच दिसत होता. कारण वेग. देखाव्याचं माप जितक्या पटीने लहान, त्याच्या वर्गमुळाच्या पटीने हालचालीचा वेग कमी दिसायला हवा. सिनेमात मिनिएचर चित्रित करताना कॅमेरा जलद चालवतात तो याच हिशोबाने. ५०० चं वर्गमूळ साधारण २२. खऱ्या कड्यावर ढग सेकंदाला पाच मीटर सरकत असेल तर माझ्या कड्यावर तो सेकंदाला २२ सेंटिमीटर सरकायला हवा. पंख्याला रेग्युलेटर लावून तेवढं साधलं. पण शटर सेकंदाच्या १/१२५ भागापुरतं उघडलं तरी तेवढ्या वेळात धुकं पावणेदोन मिलिमीटर हलतं, म्हणजे मापाप्रमाणे जवळजवळ एक मीटर. ढगाची कड पुसली जाते आणि फोटो पाहणाऱ्याला कारण कळलं नाही तरी हे टेबलावरचं आहे हे कळतं. १/१००० च्या पुढे जायचं तर एफ/११ ला, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट यावं म्हणून लेन्सचं छिद्र लहान ठेवल्यावर, माझे एलईडी पुरत नाहीत. आणि एफ/११ सोडता येत नाही, कारण धुक्याच्या फ्रेमचं स्टॅकिंग होत नाही. प्रत्येक फ्रेममध्ये धुकं वेगळ्या जागी असतं, जोडल्यावर भुतासारख्या दुहेरी कडा येतात.

इथे बरेच दिवस अडकलो होतो. कोंडी फुटली ती दोन गोष्टी वेगळ्या केल्यावर. कडा आणि धुकं एकाच फोटोत यायला हवेत, पण एकाच वेळी कशाला? आधी कोरड्या देखाव्याचं नेहमीसारखं स्टॅकिंग. मग ट्रायपॉड न हलवता खोलीत पूर्ण अंधार, धुकं सोडायचं आणि फक्त फ्लॅश मारायचा. फ्लॅश कमी ताकदीवर लावला की तो हजारांश सेकंदापेक्षाही कमी वेळ पेटतो, त्यामुळे धुकं जागच्या जागी गोठतं. फ्लॅश मागून चालत नाही, कड्याची सावली पुढच्या धुक्यावर पडते. वरून डाव्या बाजूने, कड्याच्या तोंडासमोरून घासून जाईल असा लावायचा. मग फोटोत काळा कडा आणि उजळ धुकं एवढंच उरतं, आणि जिथे कड्याचा एखादा कोपरा धुक्यापुढे येतो तिथे तो धुक्याला बरोबर झाकतो. गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही फ्रेम स्टॅकवर ठेवून स्क्रीन मोड लावला की काळं नाहीसं होतं, धुकं राहतं. एक काळजी घ्यायची: फोकस बदलला की चौकटीत येणारा भागही किंचित बदलतो. म्हणून स्टॅकिंगमध्ये जी फ्रेम आधाराला धरली, धुक्याचा फोटो त्याच फोकसवर काढायचा. नाहीतर कडेला एक-दोन मिलिमीटरचा फरक येतो.

सुरुवातीला म्हटलेली फ्रेम अशी झाली. तिच्यात दोन दोष उरले आहेत. घासून जाणारा फ्लॅश टप्प्यांवरचं गवतही उजळतो, त्यामुळे स्क्रीन केल्यावर त्या पट्ट्या भडक हिरव्या होतात. आणि कडा अजूनही भिजतोच.

यावर माझा बेत असा होता की कड्याच्या आकाराचा काळा पुठ्ठा कापून धुक्याच्या फोटोपुरता कड्यासमोर उभा करायचा. पण हे लिहिता लिहिताच जाणवलं की सपाट पुठ्ठ्यावर धुकं टप्प्यांवर थांबणार नाही, सरळ खाली पडेल. मग ज्याच्यावर पोळ्या गुंडाळतो तो ॲल्युमिनियम फॉइलच का नाही? कड्यावरच अंथरून बोटांनी आणि मऊ ब्रशने दाबला तर प्रत्येक टप्पा, प्रत्येक घळ त्यात उमटेल. वर शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग द्यायचा, त्याला चकाकी नसते. धुक्याला तोच आकार मिळेल, कॅमेऱ्याला काळं दिसेल आणि खालचा कडा कोरडा राहील. दोन्ही दोष एकाच पत्र्याने जातील.

एवढं लिहून उठलो आणि डाव्या टोकाला वीतभर फॉइल दाबून पाहिला. आकार फार सुंदर उमटतो, गिधाडांच्या कपारीसुद्धा! धुकं सोडलं तर टप्प्यावर तसंच थबकून मग खाली वळलं. फॉइल उचलून खाली बोट फिरवलं, भुसा कोरडा. त्यामुळे भुशाऐवजी तेलरंगात रंगवलेलं गवत नव्याने लावायचा जो माझा बेत होता, तो रद्द. आहे ते गवत राहू दे.

रंगाचं मात्र जमलेलं नाही. फळ्याचा रंग फॉइलवर नीट धरत नाही, वाळल्यावर घडीपाशी खवले निघतात आणि तिथे फ्लॅश चमकतो. फॉइलला आधी बारीक पॉलिश पेपरने घासून पाहीन, तो फाटला तर मेटल प्रायमरचा पातळ हात. मेन रोडवरच्या रंगवाल्या काकांनी सांगितलंय की प्रायमरआधी थिनरने पुसून घे, पॅकिंगचा तेलकटपणा जातो. दुसरा पर्याय म्हणजे रंगाऐवजी ओल्या गोंदावर काजळी किंवा कोळशाची वस्त्रगाळ पूड शिंपडायची. ती रंगापेक्षाही काळी दिसेल असं वाटतं, पण पंख्याच्या वाऱ्याने उडून खाचरांत गेली तर पंचाईत. तुमच्यापैकी कोणी फॉइलवर मॅट काळा टिकवला असेल तर काय वापरलं ते सांगा.

बांधावरच्या झाडांवर फॉइल बसणार नाही. ती भोकांमध्ये खोवलेली आहेत, त्यामुळे धुक्याच्या फोटोवेळी काढून ठेवता येतील. पण मग धुकं झाडांच्या पुढे आल्यासारखं दिसेल. सध्या विचार असा की एका झाडावर लाकडाच्या लॅकरचे दोन हात देऊन ते काळं करायचं, त्याच भोकात खोवायचं आणि तेवढी एकच जागा तपासायची. चाललं तर प्रत्येक झाडाला एक काळा जोडीदार करावा लागेल. देठांची पिशवी अजून अर्धी भरलेली आहे.