परवाना बोटीला की माणसाला?

कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीचच्या पिअरजवळ, म्हणजे समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्याजवळ, गळ, दोऱ्या आणि आमिष विकणाऱ्या एका दुकानात मी सहा वर्षं काउंटरवर आहे. मासेमारीचं लायसन्सही आमच्याच मशीनवर निघतं. माहेर सांगलीचं, त्यामुळे समुद्राचे मासे मी इथेच येऊन ओळखायला शिकले.

जूनमधला रविवार होता. सकाळी सातच्या सुमारास एक मराठी कुटुंब आत आलं: चाळिशीचा मुलगा, अकरा वर्षांचा नातू आणि त्यांच्यामागे पांढऱ्या मिशांचे काका. रायगडच्या किनाऱ्यावरचे कोळी. तिकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोट शाकारून ठेवायची आणि मुलाकडे यायचं, असा त्यांचा बेत.

मुलानं विचारलं, "बाबांना पिअरवर मासे धरायचेत. लायसन्स लागेल का? न्यू जर्सीत सत्तरीनंतर लागत नाही म्हणे."

"न्यू जर्सीत ती सूट तिथल्याच रहिवाशांना आहे," मी म्हटलं. "आपल्याकडे कॅलिफोर्नियात वय झालं म्हणून सूट नाही. १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लायसन्स लागतं, मग तो नव्वदीचा असो की पाहुणा असो. पण समुद्रातल्या सार्वजनिक पिअरवर कुणालाच लागत नाही. खुशाल जा."

काका इतका वेळ आमच्या तोंडाकडे बघत होते. "परवाना? पण बोट कुठाय आपली इथं?"

"काका, इथे परवाना माणसाला लागतो."

"माणसाला?" त्यांनी मान हलवली. "आमच्याकडं बोटीला असतो. गरी टाकणाऱ्या पोराला कोण विचारतंय!"

रॉड नकोच म्हणाले. तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, चार गऱ्या आणि दोन शिसं घेतली. प्रत्येक गरीचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढून पाहिलं. नखावर अडकली ती ठेवली, सरकली ती परत दिली. सहा वर्षांत गिऱ्हाइकानं माझ्याकडची गरी अशी पारखून घेतलेली मी पाहिली नव्हती. मी खूश होते. प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं होतं, रोज देते तसंच.

दहाच्या सुमारास नातू धापा टाकत आला. "मावशी, आजोबांना ऑफिसरनं पकडलंय!"

दुकान सहकाऱ्यावर सोपवून मी धावले. मला वाटलं पिअरवर असतील. पोरगं मला पिअरखालून दक्षिणेला, वाळूत घेऊन गेलं. काका गुडघाभर पाण्यात उभे. डाव्या हातात लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली तंगूस, शेजारी बादली. समोर राज्याच्या वन्यजीव खात्याची वॉर्डन. तिनं 'लायसन्स' म्हटलेलं काकांना कळलं होतं. त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटातून आपलं बायोमेट्रिक कार्ड काढून तिच्यापुढे धरलं होतं, २६/११ नंतर तिकडच्या मच्छीमारांना मिळालं ते, फोटोसकट. ती दोन्ही हातांनी धरून ते कार्ड अगदी लक्ष देऊन पाहत होती. काका मला म्हणाले, "सांग गं बाय हिला, मी मच्छीमार आहे. सरकारचं कार्ड आहे."

मी सांगितलं. ती आदरानं ऐकत होती, पण ते कार्ड तिच्या उपयोगाचं नव्हतं.

मग काय झालं ते कळलं. पिअरवर अर्धा तास थांबून काका कंटाळले होते. "एवढ्या वरनं दोरीला काय कळणार? खाली बघ, लाट फुटते तिथं मागं खाच आहे. मासा त्या खाचेत चरतोय." मुलगा कॉफी आणायला गेला आणि आजा-नातू वाळूत उतरले. परतणाऱ्या लाटेबरोबर वाळूत बोटं खुपसून काकांनी अंगठ्याच्या पेराएवढे वाळूतले खेकडे काढले, गरीला लावले आणि दहा मिनिटांत मासा धरला.

खाच त्यांनी अगदी बरोबर वाचली होती. पण वाळूवर पाय ठेवला तिथे पिअरची सूट संपली होती. "मी काठी धरलीच नाही," काका म्हणाले. हातातली दोरीही गळच धरतात, हे मला सांगावं लागलं. ते खेकडे काढायलासुद्धा लायसन्स लागतं, हे सांगताना माझा आवाज पडला. नातवानं स्वतः गळ टाकला असता आणि आजोबांनी शेजारी उभं राहून शिकवलं असतं, तर काहीच अडलं नसतं.

वॉर्डननं आधी मासा सोडायला सांगितला. काकांनी बादलीतून तो दोन्ही हातांनी उचलला आणि पाण्यात धरून बसले. बार्ड सर्फपर्च, अंगावर पिवळसर पट्टे, पोट टम्म. "गाभोळी भरलीय," ते म्हणाले. मी सांगितलं की हा मासा अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो. त्यांनी मान वर केली. "मुशीसारखा?" एवढ्या गडबडीतही त्यांचे डोळे चमकले. मासा शेपटी मारून गेला तेव्हाच ते उठले.

तिकीट फाडलं गेलंच. पहिल्या वेळचा दंड १०० ते १,००० डॉलर, नेमका आकडा कोर्टाकडून. काका सही करेनात. "न वाचता मी कशावर सही करत नाही." मी त्यांना ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली. सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नाही, ठरल्या तारखेपर्यंत उत्तर देईन एवढंच वचन आहे, हे पटल्यावर त्यांनी मोडीसारख्या वळणदार अक्षरात सही केली.

मी वॉर्डनला म्हटलं, "मीच यांना सांगितलं होतं लायसन्स लागत नाही." ती म्हणाली, "पिअरवर नाहीच लागत. तू बरोबरच सांगितलंस."

ते बरोबर असूनही मला दिवसभर चैन पडली नाही. लोक वय विचारतात म्हणून मी वयाचं सांगत आले. नातवाची सूट त्याच्या वयाला होती, तो कुठेही उभा राहिला तरी ती त्याच्याबरोबर जाते. पिअरची सूट मात्र त्या जागेला आहे. तिसरी असते दिवसाला: वर्षातले दोन शनिवार, एक ४ जुलैच्या आसपासचा आणि एक लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आसपासचा, त्या दिवशी लायसन्सशिवाय सगळ्यांना मुभा. अंध व्यक्तींना लायसन्स फुकट मिळतं, पण ते अर्ज करून काढावं लागतं, आपोआप सूट नसते. या गोष्टी मला पाठ होत्या. पिअर कुठे संपतं एवढं एक वाक्य मी काकांना बोलले नव्हते, आणि ज्यानं जन्मभर पाण्यात उभं राहून मासे धरले तो वर पिअरवर थांबणार नाही, हे मला त्या नखावर ओढलेल्या गरीवरून तरी कळायला हवं होतं. आता मी आधी विचारते, "उभे कुठे राहणार?"

दुकान बंद करायच्या वेळेला काका परत आले, मुलाला घेऊन. मुलगा ओशाळलेला. काकांनी पासपोर्ट काउंटरवर ठेवला. "एक दिवसाचा दे."

एक दिवसाचं लायसन्स वीस डॉलरच्या आसपास पडतं, आणि तारीख आधी ठरवावी लागते. मी पैसे भरायला निघाले तर त्यांनी हात आडवा केला. "दंड पोरगा भरेल, परवाना माझा मी घेतो." खिशातून नोटा काढून मोजल्या. तारीख कोणती टाकू विचारलं, तर त्यांनी आधी भरतीची वेळ विचारली. माझ्याकडच्या तक्त्यावर बोट फिरवत मंगळवारची सकाळ निवडली.

कागद बाहेर आला. त्यावरचं आपलं नाव त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं, मग चार घड्या घालून बायोमेट्रिक कार्डाच्या मागे त्याच पाकिटात सरकवला आणि नातवाला म्हणाले, "मंगळवारी पाचला उठायचं."