संगणकाचा आवाज बसतो तेव्हा

माणसाचा घसा बसला तर निदान खरखर तरी ऐकू येते. संगणकाचा आवाज बसतो तो एकदम आणि पुरता. पडद्यावर गाणाऱ्याचे ओठ हलताहेत, खाली वेळेची पट्टी पुढे सरकते आहे आणि खोलीत फक्त डब्यातल्या पंख्याची घरघर. एरवी कुठे बिनसलं की हा प्राणी कुरकुर करतो: निळा पडदा दाखवतो, चौकट उघडून आकडे तोंडावर फेकतो. आवाज गेला की मात्र त्याच्या लेखी सगळं आलबेल असतं. हिरव्या भोकातून आवाज बाहेर सोडला की त्याचं काम संपलं. पुढे तो कुणाच्या कानी पडला का, हे त्याला कळायला मार्गच नाही, कारण साध्या स्पीकरकडून उलट पोचपावती येत नाही.

त्यामुळे आवाज कुठे अडला, हे आपल्यालाच वाटेवर चालत जाऊन बघावं लागतं. वाट लांब आहे. फाइल, प्लेअर, विंडोजचा मिक्सर, ड्रायव्हर म्हणजे विंडोजला चिपशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, साउंड चिप, मागचं भोक, वायर, स्पीकरमधला अॅम्प्लिफायर आणि शेवटी थरथरणारा कागदी शंकू. बहुतेकजण या वाटेच्या बरोबर मधे उडी मारतात. ‘ड्रायव्हर उडाला असणार’ हे वाक्य इतकं तयार असतं की वायर निघाली आहे का, हे बघण्याआधीच विंडोज नव्याने टाकायची भाषा सुरू होते. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

सुरुवात उलट्या टोकाने करावी. स्पीकरची पिन संगणकातून उपसायची, स्पीकर चालू ठेवून त्याचं बटण अर्ध्यावर आणायचं आणि पिनेच्या टोकाला बोट लावायचं. ‘घूंऽऽ’ असा आवाज आला, तर स्पीकर ठणठणीत आहे. घरातल्या विजेची गुणगुण आपलं शरीर गोळा करतं आणि अॅम्प्लिफायर ती मोठी करून ऐकवतो. या परीक्षेला अर्धं मिनिट लागतं आणि अर्धी वाट तपासून होते. घूं आलं नाही तर संगणकाला हात लावायचं कारणच नाही. स्पीकरचा लाल दिवा लागला म्हणजे स्पीकर चालू, असं मात्र समजू नये. आत वीज पोचली, एवढंच तो दिवा सांगतो. अॅम्प्लिफायरची चिप मेलेली असली तरी तो तितक्याच उत्साहाने लुकलुकतो. जुन्या स्पीकरात आतला फ्यूज जातो, किंवा कपॅसिटरची सपाट टोपी फुगून वर येते. आवाजाचं बटण फिरवताना खर्रखर्र झालं तर ती आतल्या कार्बनच्या पट्टीवर साचलेली घाण असते. प्लग काढून ठेवून बटण दहावीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तरी पुष्कळदा फरक पडतो.

मग मागची भोकं. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरचा आवाज आत घेण्याचं. ‘पीसी ९९’ या नियमावलीने हे रंग ठरवून दिले. त्याआधीच्या कित्येक साउंड कार्डांवर रंग नाहीतच. पत्र्यावर कोरलेल्या बारीक खुणा टॉर्च मारून वाचाव्या लागतात. टेबलाखाली वाकून, अंदाजाने खुपसलेली पिन गुलाबी भोकात जाणं हा या दुखण्यातला सगळ्यात सामान्य प्रकार, आणि तो कबूल करायला कुणी तयार नसतं.

पिन अर्धवट बसली तर मजा वेगळीच. हेडफोनमध्ये वाद्यं ऐकू येतात, तीही लांब विहिरीतून आल्यासारखी, आणि गायक गायब! पिनेचं मुळाकडचं कडं, म्हणजे दोन्ही बाजूंची सामाईक परतीची वाट (ग्राउंड), भोकात टेकलेलं नसतं. त्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूतला फरक तेवढा कानी येतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो, म्हणून वजाबाकीत तो शून्य होतो. पिन आणखी दोन मिलिमीटर आत ढकलली की गायक परत.

पुढच्या बाजूच्या हेडफोनच्या भोकाकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण जुन्या डब्यांत खरी गोम तिथे असते. त्या भोकात एक बारीक स्प्रिंगची पट्टी असते. हेडफोन घातला की ती उचलली जाते आणि मागच्या स्पीकरचा आवाज तुटतो. हेडफोन काढला की ती परत टेकायला हवी. वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि गंजाने ती टेकत नाही. संगणकाच्या दृष्टीने हेडफोन अजून लावलेलाच असतो. रिकामी पिन दहाएक वेळा आतबाहेर करावी. त्याने भागलं नाही तर पिनेला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तेच करावं. एसी-९७ या जुन्या ऑडिओ पद्धतीच्या मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डवर, तर मागच्या भोकाचा आवाज पुढच्या पॅनेलला वळसा घालूनच येतो. पॅनेलची वायर जोडायची नसेल, तर बोर्डवरच्या त्या जागी ५-६ आणि ९-१० या पिनांवर दोन इवल्या टोप्या, म्हणजे जंपर, बसवलेले असावे लागतात. डबा साफ करताना त्यातली एक उडून गेली की मागची एक बाजू मुकी, दोन्ही गेल्या की पूर्ण शांतता. मग त्यावर कितीही ड्रायव्हर टाका.

इथवर सगळं ठीक असेल तरच पडद्याकडे वळावं. विंडोज एक्सपीत घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चित्रावर दोनदा क्लिक केलं की आवाज कमीजास्त करायच्या खिट्ट्यांची रांग उघडते. मुख्य खिट्टी वर आहे एवढं बघून लोक समाधानाने खिडकी बंद करतात. शेजारची ‘वेव्ह’ नावाची खिट्टी तळाला गेलेली असते, आणि गाणी तिच्यातूनच जातात. २००७च्या विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक प्रोग्रॅमची खिट्टी वेगळी झाली, म्हणजे एकटा ब्राउझरच गप्प असू शकतो. विंडोज ७मध्ये आणखी एक आगाऊपणा आहे: कॉल चालू आहे असं वाटलं की ते बाकीचे आवाज आपणहून ८० टक्के उतरवतं. आणि एचडीएमआयची वायर जोडली असेल तर आवाज मॉनिटरकडे निघून गेलेला असू शकतो, मग त्या मॉनिटरला स्पीकर असो वा नसो. ‘प्लेबॅक डिव्हायसेस’मध्ये जाऊन आपल्या स्पीकरला डीफॉल्ट केलं की तो परत येतो. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर हा तिथला मिक्सर उघडावा. पट्टीच्या तळाशी ‘एमएम’ दिसलं तर ती मुकी आहे, एम दाबायचं.

सगळं वाजतं पण ऑडिओ सीडी वाजत नाही, ही तक्रार आता दुर्मीळ झाली, तरी तिचं कारण सुंदर आहे. जुन्या व्यवस्थेत सीडीचा आवाज प्रोसेसरकडे जातच नसे. ड्राइव्हच्या पाठीतून चार पिनांची एक बारीक वायर थेट साउंड कार्डात जाई. ती निघाली की सीडी फिरते, ट्रॅकचे आकडे पुढे जातात, आवाज नाही. एक्सपीत ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सीडी ऑडिओची खूण केली की त्या वायरची गरज उरत नाही.

आता ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकातल्या भागांच्या विंडोजकडच्या यादीत, ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ आणि त्यावर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं, तर चिप आहे पण तिची भाषा विंडोजला येत नाही. तिच्या हार्डवेअर आयडीत, म्हणजे ओळखक्रमांकात, ‘व्हेन’ (VEN) पुढचा बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक वाचावा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, ११०२ म्हणजे क्रिएटिव्ह. त्यावरून शोधलेला ड्रायव्हर हा ‘सगळ्यांना चालणाऱ्या’ पॅकपेक्षा केव्हाही बरा. चिपचं नावच दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन ऑनबोर्ड ऑडिओ, म्हणजे मदरबोर्डवरचीच साउंड चिप, बंद आहे का बघावं. उलटही होतं. वेगळं कार्ड बसवताना कुणीतरी ऑनबोर्ड ऑडिओ बंद करून ठेवलेला असतो. मदरबोर्डवरची ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी संपते, बायोस सगळं विसरतं, ऑनबोर्ड चिप पुन्हा जागी होते आणि आवाज भलत्याच भोकातून वाहायला लागतो. कार्ड अधूनमधूनच सापडत असेल, तर प्लग काढून ते उपसावं, सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसाव्यात, भुगा झटकावा आणि ते पुन्हा घट्ट बसवावं.

एवढं करूनही शांतताच असेल, तर चिप गेली असं धरून चालावं. यूएसबीत बसणारं बोटाएवढं साउंड कार्ड लावलं की काम होतं. साध्या प्रकाराला एक्सपीतही वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फक्त ते लावण्याआधी एक करावं. गेल्या तासाभरात चिडून मिक्सरमधली, प्लेअरमधली, स्पीकरवरची प्रत्येक खिट्टी आपण टोकाला नेऊन ठेवलेली असते. त्या सगळ्या आधी खाली आणाव्यात, आणि कानातला हेडफोनही काढून ठेवावा.