आपण टेकडीवाले!

आज रविवार, सकाळी पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्यांवर पोरांची झुंबड होती. "चल, व्यायाम कर" म्हटलं की मूल काढता पाय घेतं. "आपण टेकडीवाले" म्हटलं की तेच मूल बुटाच्या नाड्या बांधून दारात उभं. सगळी जादू 'आपण' या शब्दाची. पण हे नाव घरातल्या प्रत्येकाला लागू हवं. बाबा खाली गाडीवर मोबाईल बघत बसले, तर दुसऱ्याच आठवड्यात सगळं बारगळतं.

५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती तुकड्यातुकड्यानं झाली तरी चालते. पर्वतीच्या १०३ पायऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला तीन टप्प्यांत द्या. वेग सगळ्यात धाकट्याचा, आणि सगळ्यांच्या पुढे चालणाराही तोच. थोरल्याशी तुलना केलीत की धाकटं "मी नाही टेकडीवाला" म्हणून मोकळं होतं. मग त्याला परत वळवणं फार जड जातं. उतरताना मात्र पळू देऊ नका, दगडी पायरीवर पाय सटकतो.

साडेसहाला घर सोडा. पाण्याची बाटली ज्याची त्याच्या पाठीवर. वर पोचल्यावर मूठभर शेंगदाणे-गूळ, आणि घरी आल्यावर कॅलेंडरवर आजच्या तारखेला गोल, तोही मुलाच्याच हातानं.